मलप्रभेच्या खोलीतला तांब्या

आमच्या लॉजच्या खोल्यांना नंबर नव्हते, नद्या होत्या. निपाणीच्या अलीकडे हायवेला लागून आमचं दुमजली बांधकाम. वर सहा खोल्या, खाली खानावळ आणि मागच्या अंगाला आमचं राहतं घर. खोल्यांच्या दारांवर लाकडी पाट्या होत्या: वेदगंगा, दूधगंगा, हिरण्यकेशी, ताम्रपर्णी, घटप्रभा, मलप्रभा. त्यामुळे दिवसभर आमच्याकडे जे बोलणं चालायचं ते बाहेरच्या माणसाला वेड्याचं वाटावं. ‘दूधगंगेचा पंखा बंद पडलाय.’ ‘वेदगंगेत दोन चहा, एक बिनसाखरेचा.’ ‘हिरण्यकेशी तुंबल्या, बांबू घेऊन जावा कुणीतरी.’ आई स्वयंपाकघरातून ओरडायची, ‘घटप्रभा अजून उठली न्हाय व्हय? भाकऱ्या गार व्हाय लागल्यात!’ कानडी मुलखातून तंबाखूच्या सौद्याला येणारे व्यापारी गल्ल्यापाशी उभे राहून ‘मलप्रभा कीली कोड्री’ म्हणायचे, आणि आप्पा मागच्या खिळ्यावरून मलप्रभेची किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवायचे.

लिहायला बसलो की आधी हेच आवाज येतात. त्यांच्या मागून वखारींतल्या तंबाखूचा तो झणझणीत वास येतो. नवख्या गिऱ्हाइकाला त्यानं पहिल्या दिवशी शिंका येत, दुसऱ्या दिवशी येत नसत. जे सांगायचं आहे ते मात्र मागं मागं सरकतं. मी कमी बोलणारा माणूस. लोक त्याला माझा शांत स्वभाव म्हणत आले आणि मीही म्हणू दिलं. तो स्वभाव नव्हता. एकदा खोटं बोललो, आणि मग तोंड उघडायचीच भीती बसली. आता काकीपुढं ते एकदा उघडलं आहे, म्हणून लिहितो.

नद्यांची कल्पना आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. वेदगंगेकाठच्या आमच्या शेतातला एक तुकडा रस्त्यात गेला आणि उरलेला रस्त्याला लागला, म्हणून आप्पा शेतकऱ्याचे लॉजवाले झाले. खोल्या बांधून झाल्यावर पाट्या रंगवणाऱ्यानं विचारलं, नंबर मराठीत घालू का कानडीत? आमच्या सीमाभागात हा प्रश्न साधा नाही. यावरून चांगले शेजारी एकमेकांच्या लग्नाला जायचे थांबलेले मी पाहिले आहेत. आप्पांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी सांगितलं, ‘नंबर नकोतच. नद्यांची नावं घाल, दोन्ही लिपींत घाल. नदी कुणाच्या डोळ्यात खुपत न्हाय. तिकडं उगवत्या, हिकडं वाहत्या. नाक्यावर कोण अडवतंय तिला?’ मलप्रभा तेवढी इकडचीच, खानापूरच्या रानात उगवणारी. ती यादीत आली ती माझ्या धाकट्या काकीमुळे.

तसं पाहिलं तर आमच्या भागात माणूस ओळखतात तो नदीनंच. सोयरीक सांगताना गावाआधी पाणी सांगतात. ‘पोरगी कुठली?’ ‘दूधगंगेची.’ एवढ्यावर घरातल्या बायकांना पुढचं सगळं समजतं: उसाचा मुलूख, घट्ट दूध, हात सढळ, आवाज मोठा. आई सदलग्याची, म्हणजे दूधगंगेची, आणि तिच्या बाबतीत हे सगळं खरं होतं. काकी मलप्रभेची, म्हणजे भाताची, पावसाची, जंगलाची. काका पलटणीत होते, वर्षातून दीड महिना घरी यायचे. ती मला आली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. ‘मला आली’ असं लिहिलं खरं, पण तेव्हा मला तसंच वाटायचं. तिला ज्वारीची भाकरी थापायला जमायची नाही, कडा फाटायच्या. आई म्हणायची, ‘भातखाऊ मुलखातली ही, हिला भाकरीचा नकाशा करायला येतोय.’ काकी म्हणायची, ‘आक्का, तुमच्या भाकरीला दात लागत्यात, आमच्या भाताला नुसतं तोंड पुरतंय.’ दोघी हसायच्या.

मला जेवायला वाढायचं काम काकीनं आपणहून घेतलं होतं. ताटात भाताचा ढीग घालायची, पळीच्या पाठीनं त्यात खळगा करायची, खळग्यात आमटी ओतायची. आमटी काठोकाठ आली की बोटानं एका बाजूनं वाट करून द्यायची. आमटी धावत ताटभर पसरायची. ‘फुटली बघ मलप्रभा,’ ती म्हणायची. मी मोठा झालो, मिसरूड फुटलं, तरी हे चालू होतं. दोस्तांसमोर मला लाज वाटायची. एकटा असलो की मी त्याची वाट बघायचो.

लॉजचा मुहूर्त श्रावणाच्या पहिल्या दिवशी धरला होता. आप्पांनी आणखी एक काढलं. नाव नुसतं पाटीवर नको, पाणीही पाहिजे. दरेक खोलीत आतून दारावर एक कोनाडा ठेवला होता. त्यात त्या त्या नदीच्या पाण्याचा तांब्याचा तांब्या, तोंड मेणानं बुजवलेला, कायमचा ठेवायचा. ज्या बाईची नदी तिच्या माहेराहून पाणी यायचं. आईचं पाणी तिचा भाऊ सदलग्याहून घेऊन येणार होता. वेदगंगा तर दारातच होती. बाकीच्या तीन नद्यांचं पाणी आप्पांनी स्वतः मोटारसायकलवरून जाऊन आणलं, आणि दर वेळी चिखलानं माखून पण खुशीत परत आले. काकीला जाता येत नव्हतं. मुहूर्ताच्या आधी घरात रोज तीस-तीस माणसं जेवत होती आणि आईचा उजवा हात तेलानं भाजला होता. तेव्हा मलप्रभेचं पाणी आणायला मला धाडायचं ठरलं. मी सतरा वर्षांचा होतो, परीक्षा झाली होती आणि मला घरात कुणी कामाचा समजत नव्हतं.

निघताना काकीनं मला मागच्या दाराशी थांबवलं. एका हातात तांब्या दिला, दुसऱ्या हातात एक पुडकं. ‘हे तेल आईच्या गुडघ्याला. आन् ह्यो खण तिच्या हातात दे, दुसऱ्या कुणाच्या न्हाय. आन् बाळू, तिला नीट बघून ये. कशी दिसत्या, काय खात्या, बोलताना दम लागतोय का. समदं मला येऊन सांगायचं. तुम्ही गडीमाणसं नुसतं बरं हाय म्हणून मोकळं होता.’ खण हिरवा होता, काठाला लाल पट्टी. तो तिनं कधीपासून पेटीत जपून ठेवला होता, हे मला ठाऊक होतं.

काकीच्या माहेरी जायचं म्हणजे आधी बेळगाव, तिथून खानापूर, खानापुरातून दुपारी सुटणारी एकच बस, आणि ती सोडते तिथून तासभर पायवाट. मी एकदा तिच्याबरोबर गेलो होतो. आषाढातली ती पायवाट म्हणजे गुडघाभर चिखल आणि दोन्ही बाजूंच्या गवतातून टपून बसलेल्या जळवा. घरी पोचल्यावर तिच्या आईनं माझ्या पोटऱ्यांवरच्या जळवा मीठ लावून एकेक काढल्या होत्या आणि दर जळवेला एक शिवी दिली होती. ती म्हातारी मला आवडली होती. तरी बेळगावच्या स्टँडवर उतरलो, पाऊस कोसळत होता, आणि मला फक्त जळवा आठवल्या.

बेळगावातल्याच वडगावचा परशा माझा शाळेतला दोस्त. दोन वर्षं मामाकडे राहून तो निपाणीत शिकला होता. म्हटलं, तासभर त्याच्याकडे थांबू, पाऊस कमी झाला की खानापूरची बस धरू. त्यांच्या घरात पुढच्या सोप्यात दोन माग चालायचे, साड्यांचे. त्यांच्या खडखडाटात बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागायचं, आणि त्या घरातली सगळी माणसं मागाबाहेरही ओरडूनच बोलायची. मागच्या खोलीत कॅरम मांडलेला. पहिला डाव मी जिंकलो. दुसरा हरलो, म्हणून तिसरा घेतला. परशाच्या आईनं जेवायला वाढलं, वांग्याची भाजी आणि वर गोड म्हणून कुंदा. वाढताना हसत म्हणाली, ‘काय रं, आईनं रिकाम्या हातानं धाडलं व्हय दोस्ताच्या घरी?’ मी पिशवीत हात घातला आणि तो हिरवा खण काढून तिच्यापुढे धरला. ‘आईनं दिलाय,’ म्हणालो. तिनं तो दिव्याखाली उलगडून बघितला, विणकाम बोटानं चाचपलं आणि म्हणाली, ‘लई भारी हाय. तुझ्या आईला नजर हाय बग.’

ही खणाची गोष्ट मी गेल्या आषाढापर्यंत कुणालाच सांगितली नव्हती. लग्नाच्या बायकोलाही नाही. मोठं खोटं मी पुढे बोललो, पण त्या खणापाशीच मी माघारी फिरायची वाट बंद करून घेतली. म्हातारीकडे जायचं तर आता काय घेऊन जाणार होतो?

दुपारची बस तर गेलीच होती. मी तिथंच मुक्काम केला. सकाळी परसातल्या नळाखाली तांब्या धरला. त्याच्या तोंडाला फडकं बांधलं, परशाच्या मागावरचा लाल धागा गुंडाळला आणि तेलाची बाटली त्यांच्या फळीवर मागं सारून ठेवून निपाणीची बस धरली.

घरी आलो तेव्हा आप्पा, आई, काकी तिघंही खानावळीतच होती. काकीनं पदराला हात पुसले आणि पुढे आली. ‘कशी हाय रं आई?’ बसमध्ये मी तयारी केली होती. म्हणालो, ‘बरी हाय की. अंगणात बसून तांदूळ निवडत होती. तेल घेतलं, खण बघून लई खूश झाली. म्हणाली, सुमनला म्हणावं दिवाळीला निवांत ये.’ सुमन हे काकीचं नाव. ‘दिवाळीला निवांत ये’ हे वाक्य मला विशेष जमलं आहे असं वाटलं होतं, हेही लिहून ठेवतो. आई म्हणाली, ‘बघ, उगं काळजी करत होतीस.’ काकीनं तांब्या हातात घेऊन जरा हलवला, कानाशी नेला, आणि देवासमोर नेऊन ठेवला.

मुहूर्ताच्या दिवशी भटजींनी सहाही तांब्यांतलं पळीपळी पाणी परातीतल्या सहा वाट्यांत ओतायला लावलं, मग तोंडं बुजवायची होती. वेदगंगा ओतली, लाल गढूळ. दूधगंगा ओतली, तीही तशीच. हिरण्यकेशी, ताम्रपर्णी, घटप्रभा, सगळ्या आषाढात मातीनं भरलेल्या. प्रत्येकीची लाली जराशी वेगळी, आणि पाहुणे वाकून वाकून बघत होते. शेवटी काकीनं आपला तांब्या कलता केला. वाटीत पाणी पडलं ते काचेसारखं. आप्पांनी मोठ्यानं सगळ्यांना दाखवलं, ‘बघा, मलप्रभा कशी निवळ! जंगलातली नदी, तिला मळ कुठला?’ लोकांनी माना डोलावल्या. काकीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, ‘माहेरचं पाणी बघून भरून आलं हिला.’ मलाही तसंच वाटलं. मी सुटलो असं वाटलं.

चार दिवसांवर नागपंचमी होती. आमच्याकडे पंचमीला लेकी माहेरी जातात. नव्या लॉजच्या गर्दीमुळे त्या वर्षी काकी जाणार नव्हती, तसं तिनं कबूलही केलं होतं. पण मुहूर्ताच्या दुसऱ्या दिवशी, दुपारची जेवणं उरकल्यावर, ती आप्पांसमोर येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर, नजर खाली. ‘आप्पा, मला दोन दिवस जाऊन यायचं हाय. आईला एकदा डोळ्यानं बघायचं हाय.’ आप्पा वाईट माणूस नव्हते. त्यांना खरंच कळेना. ‘अगं, पोरगं परवा बघून आलंय की. अंगणात बसून तांदूळ निवडत्या तुझी आई. आजारी माणूस तांदूळ निवडतंय व्हय?’ आई भाजलेला हात छातीशी धरून म्हणाली, ‘मला ह्या हातानं एवढ्या लोकांचं व्हईल का गं? दिवाळीला जा की. तुझ्या आईनंच सांगितलंय न्हवं?’

तेव्हा काकीनं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. मी जिन्याच्या पायरीवर बसून शेंगा सोलत होतो. संध्याकाळची बेळगावची बस अजून जायची होती. मी एवढंच म्हणायला हवं होतं की मी गेलोच नव्हतो. तिनं खूप वेळ बघितलं. माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. मग तिनं मान खाली घातली आणि भांडी घासायला गेली.

पंचमीच्या तिसऱ्या दिवशी तिचा भाऊ आला. त्याला ती अण्णा म्हणायची. डोक्यावरचं घोंगडं भिजून पाणी टपकत होतं. तो खानावळीच्या दारातच थांबला, आत आला नाही, आणि ज्या अर्थी तो आत आला नाही त्या अर्थी सगळ्यांना कळलं. ‘आई गेली सुमे,’ तो म्हणाला. ‘काल पहाटं.’ काकी उंबऱ्यावर बसली. आप्पा उठले. त्यांचा चेहरा गोंधळलेला होता. ‘पण अहो, परवाच आमचा बाळू येऊन गेला न्हवं? बऱ्या होत्या म्हणाला.’

‘कोण बाळू?’ अण्णा म्हणाला. ‘आमच्याकडं कोण आलं न्हाय.’

मी गल्ल्यापाशी उभा होतो, हातात चहाचे चार पेले. ते मी टेबलावर ठेवले. आप्पा माझ्याकडे वळले. ते वळतायत तोवर काकी बोलली, उंबऱ्यावरूनच, खाली बघत, अगदी रोजच्या आवाजात. ‘आलता. तू शेतात होतास, रोप लावाय. आई एकलीच होती घरात.’

‘आई तर...’ अण्णा म्हणाला.

‘अण्णा.’ एवढंच म्हणाली ती.

तिची पिशवी बसपर्यंत मीच उचलली. ती दोघं पुढे, मी दोन पावलं मागं. पावसात अण्णा तिला सांगत होता, ‘महिना झाला उठली न्हवती गं. तुझंच नाव. पर लावणीत घरात दुसरं माणूस न्हाय, निरोप कुणाकडं धाडू? कोण तरी येईल हिकडनं असं म्हणत होती.’ बसमध्ये चढताना काकीनं माझ्या हातातून पिशवी घेतली आणि वळूनही बघितलं नाही.

ती पंधरा दिवसांनी परत आली. काही बदललं नाही. तीच कामं, तसंच आईशी बोलणं, पुढच्या वर्षी तिच्या विनायकचा जन्म. मला कुणी काही विचारलं नाही. एक गोष्ट मात्र झाली, तिचा खरा अर्थ माझ्या फार उशिरा ध्यानात आला; तेव्हा मी तो वेगळाच लावला होता. जेवायला बसलं की काकी सगळ्यांना वाढायची, आणि माझ्यापाशी आली की भाताचं पातेलं आणि आमटीचं भगुणं माझ्यासमोर सरकवायची. ‘घे तुझं तू.’ मला वाटलं, आता आपण मोठे झालो, तिनं ते मान्य केलं. दोस्तांसमोरची लाज संपली. मी आपल्या हातानं वाढून घेऊ लागलो, आणि त्या घरात जेव्हा जेव्हा जेवलो ते पस्तीस वर्षं तसंच.

आई-आप्पा गेले. काका गेले. मी बेळगावात नोकरी केली, ती झेपेनाशी झाली तेव्हा परत आलो. लॉज आता काकीचा मुलगा विनायक चालवतो. त्यानं सगळं नवं करायला काढलं आहे: नवं बांधकाम, काचेचं दार, बावीस खोल्या. बेळगावची एक मुलगी आतल्या सजावटीचं बघते. तिला आप्पांच्या नद्या फार आवडल्या. प्रत्येक खोलीत दगडी पाटी लावायची, त्यावर नदीबद्दल दोन ओळी लिहायच्या असं तिनं सुचवलं. विनायक म्हणाला, ‘दादा, ते तुझ्याशिवाय कोण लिवणार?’ मी लिहीत गेलो. वेदगंगा, दूधगंगा, कृष्णा, पंचगंगा, सगळ्या झाल्या. विनायक दोन-चार दिवसांनी विचारायचा, ‘मलप्रभा राहिली न्हवं?’ मी म्हणायचो, लिहितो. जुन्या कोनाड्यातला तो तांब्या काढून त्यानं माझ्या टेबलावर आणून ठेवला होता. काचेच्या पेटीत मांडायचा म्हणत होता. ‘आज्जीच्या गावचं पाणी, दादानं स्वतः आणलेलं,’ असं खाली लिहायचं होतं त्याला.

गेल्या आषाढातली दुपार. काकी मागच्या कट्ट्यावर आंबाडीची पानं खुडत बसली होती. आता तिचे गुडघे तिच्या आईच्या वळणावर गेले आहेत. मी तांब्या घेऊन तिच्याशेजारी जाऊन बसलो.

‘काकी, ह्यातलं पाणी मलप्रभेचं न्हाय.’

ती खुडत राहिली. ‘मग कुठलं?’

‘वडगावच्या नळाचं. मी गेलोच न्हवतो. परशाकडं कॅरम खेळत बसलो. तुझा खण त्याच्या आईला दिला.’

‘खण?’ तिचा हात थांबला. म्हणजे हे तिला ठाऊक नव्हतं. ‘वापरला का तिनं?’

‘म्हाईत न्हाय.’

‘वापरला असंल. चांगला होता.’ ती परत खुडायला लागली. मग म्हणाली, ‘नळाचं म्हंजे मार्कंडेयचं की. बेळगावाला तिचंच पाणी येतंय. तीबी नदीच.’

‘तुला ठाऊक होतं?’

‘आषाढात मलप्रभा कशी असती म्हाईत हाय तुला? कुंकू कालवल्यागत. परातीत समद्या नद्या लाल, आन् आमची तेवढी आरशागत. तुझा बाप म्हणतोय, बघा कशी निवळ!’ ती हसली. ‘आन् म्हणं अंगणात तांदूळ निवडत बसल्या. आषाढात आमच्या अंगणात बेडकं बसत्यात रं, माणसं न्हाईत.’

मला हसता आलं नाही. विचारलं, ‘मग अण्णासमोर मला का वाचवलंस?’

‘तुला कोण वाचवतंय? उगं फुगू नकोस.’ तिचा आवाज पहिल्यांदा कडक झाला. ‘अण्णा तापट. त्याला कळलं असतं तर ह्या घराचं पाणी प्याला नसता. आई गेलती, माहेर तेवढं उरलेलं. तेबी तुझ्यापायी घालवू व्हय? आन् इथं माझं नांदणं. म्हणून बोलले. माझ्यासाठी बोलले मी.’ पानांचा ढीग तिनं परडीत सारला. ‘राग तर लई आलता तुझा. आप्पाफुडं उभी राहून तुझ्याकडं बघितलं, तवा वाटलं, आता बोलंल, आता बोलंल. शेंगा सोलत बसलास. त्या दिवसापास्नं तुला हातानं वाढलं न्हाय. तुला कळलंबी न्हाय.’

पस्तीस वर्षांची जेवणं माझ्या डोळ्यांपुढून गेली, एकेक भगुणं माझ्यापुढे सरकत. मी माफी मागायला तोंड उघडलं. तिनं हात वर केला.

‘माफ करून मी काय करू? तांब्या रिकामा कर, त्या झाडाला घाल. आन् जाऊन ये. राहिलंय न्हवं ते काम?’

‘तिथं आता कोण हाय?’

‘नदी हाय की. खण घे एक, हिरवा. आईच्या नावानं पाण्यात सोड.’

‘काय म्हणू?’

‘कायबी म्हणू नको. तुला बनवून सांगायची लई सवय.’

दुसऱ्या दिवशी मी बेळगावच्या खडेबाजारातून नारळ आणि खण घेतला, हिरवाच, लाल काठाचा. आता गावापर्यंत रस्ता आहे. तरी मी शेवटचा तासभर चालत गेलो, आणि जळवा होत्याच. घाटावर एक बाई कपडे धूत होती. नदीची ओटी बाईनं भरायची असते म्हणून मी तिलाच विनंती केली. तिनं हात पुसले, पदर डोक्यावर घेतला. ‘कुणाची ओटी?’ मी सांगितलं, ‘एका म्हातारीला हा खण पोचवायचा होता. पस्तीस वर्षं झाली.’ ती म्हणाली, ‘मग जरा उशीरच झाला की वो,’ आणि खण, नारळ दोन्ही हातांनी लाल पाण्यावर सोडले. खण क्षणभर तरंगला, उलगडला आणि गेला. मी तांब्या भरून घेतला.

घरी काकीनं काचेच्या पेल्यात थोडं पाणी ओतलं, खिडकीत ठेवलं आणि समोर बसून राहिली. विनायक दोनदा डोकावून गेला. पेल्याच्या तळाशी लाल मातीचा थर बसला तेव्हा ती म्हणाली, ‘व्हय. हीच.’ मलप्रभेच्या दोन ओळी मी तिथंच बसून लिहिल्या: ‘आमच्या धाकट्या काकीची नदी. आषाढात ती लाल असते.’ विनायकला त्या कमी वाटल्या. मी बदलल्या नाहीत.

मग जेवायला बसलो. ताटात भात होता. सवयीनं मी आमटीच्या भगुण्याकडे हात केला. काकीनं ते सरकवलं नाही. पळी उचलून तिच्या पाठीनं भातात खळगा केला. मग आमटी ओतली, अर्धी पळी पाटावर सांडली. उरलेली खळग्यात पडली, काठोकाठ आली, आणि तिचं बोट पोचायच्या आधीच भाताची एक बाजू ढासळली. आमटी ताटभर धावली.

‘फुटली,’ काकी म्हणाली.